लिम्फोमाच्या रिपोर्टात ‘एमवायसी पॉझिटिव्ह’ दिसलं तर काय बघायचं

नाशिकच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी बायोप्सीचे ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले गाठीचे तुकडे, कापते. निफाड-दिंडोरीकडची माणसं काउंटरवर रिपोर्ट पुढे करून विचारतात, “ताई, एमवायसी पॉझिटिव्ह लिहिलंय, म्हणजे डबल हिट का हो?” मोबाइलवर काहीबाही वाचून घर आधीच हादरलेलं असतं. उपचारांचं डॉक्टरच सांगतील. रिपोर्ट वाचायचा कसा, तेवढं मी सांगते. एमवायसी हे एक जनुक. ते आणि बीसीएल-२ हे दुसरं जनुक, दोन्ही तुटलेली असली तर डबल हिट म्हणतात.

आधी निदानाची ओळ बघा. लिम्फोमा म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. हा प्रश्न जास्त करून त्याच्या डिफ्यूज लार्ज बी-सेल या प्रकारात येतो. मग एमवायसी कुठल्या तपासणीखाली लिहिलंय ते शोधा.

‘आयएचसी’खाली असेल, तर ती जनुकाची तपासणी नाही. त्या जनुकापासून बनणारं प्रोटीन किती टक्के पेशींत रंगलं, एवढंच त्यात कळतं. एमवायसी ४० टक्के किंवा जास्त आणि सोबत बीसीएल-२ ५० टक्क्यांच्या वर असेल, तर ‘डबल एक्स्प्रेसर’ म्हणतात. हे डबल हिट नव्हे. जनुक न तुटताही प्रोटीन वाढू शकतं.

जनुक तुटलंय का, ते ‘फिश’ या जनुकाच्या तपासणीत कळतं. एमवायसी आठव्या क्रोमोसोमवर असतं. त्याच्या दोन बाजूंना लाल आणि हिरवे चमकणारे प्रोब, म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे, चिकटवतात. जनुक शाबूत असलं की ठिपके एकमेकांना लागून, पिवळसर दिसतात. तुटलं की फाकतात. असं पुरेशा पेशींत दिसलं, तरच ‘रिअरेंजमेंट डिटेक्टेड’, म्हणजे जनुक तुटलेलं आढळलं, असं लिहितात. एमवायसी आणि बीसीएल-२ दोन्हींपुढे ते असेल, तर डबल हिट. मग आर-चॉप या नेहमीच्या केमोपेक्षा तीव्र केमो द्यायची का, याचा विचार कॅन्सरतज्ज्ञ करतात. ‘एक्स्ट्रा कॉपीज’ म्हणजे जनुकाच्या जादा प्रती, रिअरेंजमेंट नाही, ते वाचून घाबरू नका. एमवायसीबरोबर बीसीएल-६ हे तिसरं जनुक तुटलेलं असलं तरी पूर्वी डबल हिट म्हणत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या वर्गीकरणात ती जोडी वेगळी काढली.

रिपोर्टात फिश नसेलच, तर पहिली केमो सुरू होण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा, “फिश पाठवलंय का?” फिशचा नमुना बायोप्सीच्या त्याच ब्लॉकमधून घेतात. म्हणून दुसऱ्या मतासाठी परळला टाटा हॉस्पिटलला जाताना नुसता कागद नेऊ नका. लॅबमधून ब्लॉक आणि स्लाइड सही करून घ्या, ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टाशी जुळवा. ब्लॉक मेणाचा असतो, उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवू नका. काम झालं की ब्लॉक मागून घेऊन परत आणा, पुढेही लागतो.