बँक डॉट इन पत्ता घेतल्यानंतरची कामे

रिझर्व्ह बँकेने २२ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने सगळ्या बँकांना आपापली वेबसाइट ‘डॉट बँक डॉट इन’ (.bank.in) या पत्त्यावर हलवायला सांगितली आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. हा पत्ता फक्त आयडीआरबीटी या रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेल्या संस्थेकडूनच मिळतो आणि अर्ज करणारी संस्था खरोखर बँक आहे याची खात्री झाल्यावरच मिळतो. पण नव्या पत्त्यावर वेबसाइट उघडली म्हणजे पत्ता बदलला असे नाही. मेल, एसएमएस, अ‍ॅप, पासबुकावरची छपाई, सरकारी पोर्टलांची लॉगिन, सगळे जुन्या नावाला बांधलेले असते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या ज्या सहकारी बँकांत संगणक विभाग म्हणजे एक-दोन माणसे, त्यांच्यासाठी ही कामांची मांडणी आहे.

जुने डोमेन कुणाच्या नावावर आहे?

सुरुवात इथून करा, कारण सगळ्यात मोठा धोका इथे आहे. लहान बँकांत अनेकदा वेबसाइट करून देणाऱ्यानेच डोमेन, म्हणजे वेबसाइटचे नाव, स्वतःच्या ईमेलवर घेतलेले असते. त्याने धंदा बंद केला की नूतनीकरण चुकते आणि सुटलेले नाव कुणीही विकत घेऊ शकतो. घेणाऱ्याला नुसती नकली वेबसाइट उभी करता येते असे नाही. जुन्या पत्त्यावर येणारी सगळी मेलही त्याच्याकडे जाते: कर्जदारांची कागदपत्रे, ओटीपी, पासवर्ड बदलण्याच्या लिंक.

रजिस्ट्रारकडचे (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडचे) खाते बँकेच्या नावावर करून घ्या. संपर्काचा ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका. डोमेन बंद पडले तर ते सोडवायची मेलही पोहोचणार नाही. मोबाइल नंबर बँकेच्या मालकीच्या सिमचा हवा, निवृत्तीला आलेल्या अधिकाऱ्याचा नको. नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची करता येते, ती करून टाका. नवा पत्ता आला म्हणून जुने डोमेन सोडून देणे ही काटकसर नव्हे. आमचे मत स्पष्ट आहे: ते कधीच सोडू नये.

पत्ता कुठे कुठे आहे त्याची वही

दोन दिवस लावून यादी काढा. पासबुक, चेकबुक, एटीएमची स्क्रीन, मुदत ठेवीच्या पावत्या, शाखेतले फलक आणि गुगल मॅपवरची प्रत्येक शाखेची नोंद लोकांच्या लक्षात येते. विसरते ते वेगळेच. आयकर आणि टीडीएस, जीएसटी, सीकेवायसी (केवायसीची केंद्रीय नोंद), क्रेडिट ब्युरो, एफआययू (संशयास्पद व्यवहार जिथे कळवायचे ती सरकारी यंत्रणा), विमा कंपनीचे पोर्टल या सगळ्यांचे ओटीपी जुन्या ईमेलवर येतात. ते आधी बदला, जुनी मेल चालू असतानाच. नाहीतर टीडीएस विवरणाच्या शेवटच्या दिवशी लॉगिन अडकते. शाखांमधल्या संगणकांच्या होस्ट्स फाइलमध्ये (कुठले नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचे ते लिहिलेली फाइल) किंवा पासबुक छापणाऱ्या कियॉस्कमध्येही जुना पत्ता कधीतरी हाताने घातलेला असतो, तोही तपासा.

वेबसाइट वळवताना

दिवस निवडताना महिनाअखेर, ३१ मार्च आणि हंगामात ऊसबिले जमा होण्याचे दिवस टाळा. दुसऱ्या किंवा चौथ्या शनिवारी सकाळी सुरू केले तर हाताशी दोन दिवस राहतात. डीएनएस म्हणजे नावावरून सर्व्हर शोधून देणारी यंत्रणा; तिथली नोंद किती वेळ लक्षात ठेवायची ते ठरवणारा टीटीएल बहुतेक ठिकाणी ८६४०० सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस असतो. तो निदान ४८ तास आधी ३०० वर आणा. तसे न केल्यास तुम्ही बदल केल्यावरही काही ग्राहकांना दिवसभर जुनाच सर्व्हर दिसत राहील.

जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्यावर नेणारे कायमचे म्हणजे ३०१ रिडायरेक्ट लावा, आणि पानाला पान जोडा. व्याजदराचे जुने पान थेट व्याजदराच्या नव्या पानावर गेले पाहिजे. सगळे मुखपृष्ठावर ढकलले तर माणूस हरवतो. इथे एक चूक नेहमी होते: जुन्या डोमेनचे एसएसएल सर्टिफिकेट (वेबसाइट खरी आणि सुरक्षित असल्याचा डिजिटल दाखला) संपू दिले जाते. ब्राउझर आधी सर्टिफिकेट तपासतो, मग वळतो. सर्टिफिकेट संपलेले असेल तर ग्राहकाला लाल इशारा दिसतो आणि तुमचे रिडायरेक्ट चालतच नाही. म्हणून दोन्ही नावांची सर्टिफिकेटे जिवंत ठेवा. १५ मार्च २०२६ पासून नव्या सर्टिफिकेटची कमाल मुदत २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस अशी कमी होत जाते. आता हाताने आठवण ठेवून भागणार नाही, नूतनीकरण आपोआप होईल अशीच व्यवस्था व्हेंडरकडून लेखी मागा.

मजकूर हलवतानाच जुन्या फाँटची कटकट संपवा. श्री-लिपी, आकृती किंवा नुडीत टाइप केलेला मजकूर वेबवर चिकटवला की मराठी-कन्नडच्या जागी अगम्य अक्षरे येतात. ते टाळायला व्याजदराचा तक्ता फोटो म्हणून लावतात. तो शोधात सापडत नाही, आणि अंध ग्राहकाच्या स्क्रीन रीडरला वाचताही येत नाही. तक्ता युनिकोडमध्ये नव्याने टाइप करा.

मेल

नव्या नावावर एसपीएफ (या नावाने मेल कोण पाठवू शकतो), डीकिम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (तपासणीत फसलेल्या मेलचे काय करायचे) या तिन्ही नोंदी लागतात. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन टाकल्या तर दोन्ही निकामी होतात. एसपीएफमध्ये दहापेक्षा जास्त डीएनएस चौकश्या लागल्या तरी तपासणी फसते. डीमार्क पहिल्या दिवशी रिजेक्टवर ठेवू नका. तीन-चार आठवडे नुसते निरीक्षण ठेवा, येणारे अहवाल वाचा, मग क्वारंटाइन (संशयित मेल बाजूला काढणे) आणि शेवटी रिजेक्ट (ती नाकारणे). त्या अहवालांत विसरलेले पाठवणारे सापडतात: ठेव परिपक्वतेची पत्रे धाडणारी सीबीएस (बँकेची मुख्य संगणक प्रणाली), पगारपत्रके धाडणारे सॉफ्टवेअर, स्टेटमेंट पाठवणारा व्हेंडर. जुन्या डोमेनवर मेल येत राहू द्या, पण तिथून पाठवणे बंद करून त्याला थेट रिजेक्ट लावा.

एसएमएस: इथे वेळ द्या

१ ऑक्टोबर २०२४ पासून एसएमएसमधली लिंक डीएलटी पोर्टलवर (व्यावसायिक एसएमएसची नोंदणी जिथे होते तिथे) आधी नोंदलेली नसेल तर तो मेसेज मोबाइल कंपनी अडवते. नवा पत्ता टेम्प्लेटमध्ये (मेसेजच्या ठरलेल्या नमुन्यात) टाकला आणि डीएलटीवर नोंदवायचा राहिला, की मेसेज बँकेतून निघतात पण ग्राहकापर्यंत पोहोचत नाहीत. बँकेत कुणाला कळतही नाही, कारण सीबीएसच्या नोंदीत ‘पाठवला’ असेच दिसते. म्हणून पाठवल्याची नव्हे, पोहोचल्याची नोंद रोज बघा. आधी लिंक नोंदवा, मंजुरी घ्या, नवे टेम्प्लेट मंजूर करून घ्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या चार-पाच सिमवर तपासा, मगच बदला.

मराठी किंवा कन्नड मेसेजला एका भागात ७० अक्षरेच मिळतात. त्यापुढे गेले की प्रत्येक भाग ६७ चा होतो आणि बिल भागागणिक लागते. काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात. ‘खात्यात’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा, पण मोजणीत सातचा. साध्या इंग्रजी मेसेजला १६० अक्षरे मिळतात खरी, पण त्यात ₹ हे एक चिन्ह घातले तरी सगळा मेसेज ७० च्या मापात येतो. त्यामुळे इंग्रजीत रुपयासाठी साधी अक्षरेच वापरा. बिल वाचवायला मराठी आणि कन्नड मेसेज बंद करू नका. यळ्ळूर-जांबोटीच्या आजीला पैसे गेल्याचे तिच्या भाषेत कळले तरच ती वेळेत शाखेत येईल.

मोबाइल अ‍ॅप

अ‍ॅप बनवणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: सर्टिफिकेट पिनिंग (अ‍ॅपने ठराविक सर्टिफिकेटच मान्य करणे) आहे का? असेल तर सर्व्हरचे सर्टिफिकेट बदलताच जुनी अ‍ॅप बंद पडतात. आधी दोन्ही पिन असलेली आवृत्ती प्ले स्टोअरवर टाका, बहुतेक ग्राहकांनी ती घेतली याची आकडेवारी बघा आणि मगच सर्व्हर बदला. पिग्मी एजंटांच्या अ‍ॅपलाही हेच लागू. ते सकाळी बाजारात उतरण्याआधी जुना डेटा सिंक झाला पाहिजे, नाहीतर ऑफलाइन घेतलेल्या पावत्या फोनमध्येच अडकतात.

ग्राहकांना काय सांगायचे

नेमके एवढेच: ‘बँक’ या शब्दाच्या आधी टिंब हवे आणि वेबसाइटचे नाव ‘बँक डॉट इन’नेच संपले पाहिजे. टिंब नसेल, सगळे एकाच शब्दात जोडलेले असेल, तर ते साधे डॉट इन नाव आहे आणि ते कुणालाही विकत मिळते. ‘इन’च्या पुढे तिरकी रेघ (/) येण्याआधी आणखी काही जोडलेले असेल तरी तो पत्ता बँकेचा नव्हे. हा फरक मोठ्या अक्षरांत, मराठी आणि कन्नडमध्ये, काउंटरवर लावा. पिग्मी एजंट रोज दुकानादुकानात जातात. त्यांना हा फरक आधी शिकवा, पत्रकापेक्षा त्यांचे तोंडी सांगणे जास्त पोहोचते.

त्याच पत्रकात लिहा की खाते क्रमांक, आयएफएससी आणि यूपीआय आयडी बदललेले नाहीत. ‘बँकेचा पत्ता बदलला, केवायसी पुन्हा करा’ म्हणत व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप बसवणारी फाइल) पाठवणाऱ्यांना हा बदल आयती सबब देतो. बँक असे अ‍ॅप कधीच पाठवत नाही, हेही छापा.

या भागात क्रेडिट सौहार्द (कर्नाटकातल्या सौहार्द सहकारी संस्था) आणि पतसंस्था गल्लोगल्ली आहेत. त्या बँका नाहीत, त्यांना हा पत्ता मिळत नाही, आणि तिथल्या ठेवींना डीआयसीजीसी या ठेव विमा महामंडळाचे ५ लाखांपर्यंतचे विमा संरक्षणही नसते. ग्राहकाने विचारले तर हे सरळ सांगा.

पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर लगेच फोन आणि बँकेला तत्काळ कळवणे, हे दोन्ही पत्रकाच्या वरच्या ओळीत हवे. बँकेची चूक नसून बाहेरून फसवणूक झाली असेल आणि ग्राहकाने सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर भार येत नाही. स्वतःच ओटीपी दिला असेल, तर मात्र कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच. बँकेच्या बाजूने, सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशाप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग (संगणकाने ठेवलेल्या घडामोडींच्या नोंदी) १८० दिवस जपावे लागतात. जुना सर्व्हर बंद करताना त्याचे लॉग पुसण्याआधी ही मुदत मोजा.