डोक्याला ताप झाला तर आधी १४४१६ लावा

यंत्रमाग बंद, पगार अडकलेला, वरून बचतगटाचा हप्ता, अशात कुणी "जगून काय करायचं" म्हणायला लागलं तर त्याला एकटं सोडू नका आणि लगेच १४४१६ लावा, टेली मानस म्हणतात त्याला, सरकारी आहे, फुकट, रात्री २ ला पण उचलतात आणि मराठीत बोलता येतं. जिवाचंच काही केलं असेल तर मात्र थेट १०८.

पुढचे उपचार सिव्हिलला स्वस्तात होतात, मानसोपचार विभाग कुठे ते केसपेपरच्या खिडकीवरच विचारा, लाजायचं काय त्यात. आणि मोठं ऑपरेशन निघालं तर सावकाराकडं पळायच्या आधी धर्मादाय हॉस्पिटलात १० टक्के खाटा गरिबांसाठी राखीव असतात, रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवकाला भेटा, स्वतःहून कुणी सांगत नाही हे.