पाणी गारठलं की माशांचं खाद्य आवरा

डिसेंबरात पारा दहाच्या खाली उतरला की जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडचा केळीवाला रात्री बागेला विहिरीचं पाणी सोडतो, बांधावर धूर करतो. त्याच्याच शेततळ्यातल्या कटला-रोहूला मात्र दिवाळीआधी होतं तेवढंच खाद्य सकाळी सातला पडत असतं. ते बहुतेक वायाच जातं.

मासा थंड रक्ताचा. पाणी गार झालं की त्याचं पचन मंदावतं, भूक मरते. कटला, रोहू, मृगळ २५ ते ३० अंशांच्या पाण्यात चांगले खातात. २० च्या खाली खाणं झपाट्याने घटतं, १५ च्या आसपास जवळपास बंदच. सायप्रिनस (कॉमन कार्प) हा मासा थंडीला त्यामानाने चिवट आहे. पंगस हा मासा फार नाजूक. तो बाजाराजोगा झाला असेल तर कडाक्याच्या थंडीची वाट न बघता विकून मोकळं व्हावं, असं माझं मत.

हवेच्या तापमानावर जाऊ नका, पाण्याचं मोजा. साधा थर्मामीटर दोरीला बांधून दोन फूट खोल सोडा, सकाळी आठला आणि दुपारी तीनला. वर काढला की लगेच वाचा.

समजा तळ्यात ५०० मासे आहेत आणि सरासरी वजन ४०० ग्रॅम, म्हणजे एकूण २०० किलो. उबदार पाण्यात वजनाच्या दोन टक्क्यांनी रोज चार किलो खाद्य लागत असेल, तर पाणी २० अंशांवर आल्यावर दोन किलो पुरे. १८ च्या खाली एक किलो, तेही दिवसाआड चालेल. १५ ला हात आखडा. चार दिवस उपाशी राहिल्याने मोठा मासा मरत नाही. न खाल्लेली पेंड तळाशी कुजून अमोनिया वाढला, तर मात्र मरतो. प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्यात गाळ नसतो, त्यामुळे ही घाण कोपऱ्यात साचते आणि पाण्याला वास मारायला लागतो.

वेळ बदला. ऊन चढल्यावर, अकरा ते तीनच्या दरम्यान, एकदाच घाला. शेंगदाणा पेंड आणि कोंडा भोकं पाडलेल्या पोत्यात भरून बांबूला टांगत असाल, तर दोन तासांनी पोतं उचलून बघा. उरलं असेल तर उद्या तेवढं कमी. ढगाळ दिवशी काहीच टाकू नका, त्या दिवशी प्राणवायूही कमी असतो. शेणखतही हात राखूनच. थंडीत ते लवकर कुजत नाही.

आपल्याकडची खरी अडचण निराळीच आहे. रब्बीला आणि केळीला पाणी उपसता उपसता तळं तीन फुटांवर येतं, आणि उथळ पाणी एका रात्रीत गारठतं. निदान पाच-सहा फूट पाणी राखा. बोअरचं पाणी हिवाळ्यात कोमट असतं, ते पहाटे थोडं थोडं सोडलं तर फायदा होतो. पडताना उंचावरून पडू द्या.

वजन बघायला जाळं ओढायचा मोह टाळा. खरचटलेल्या माशाला थंडीत लाल चट्टे, जखमा लवकर होतात. तसे चट्टे दिसले तर खाद्य थांबवून जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात दाखवा, दुकानदाराच्या सांगण्यावरून औषध ओतू नका.

संक्रांत झाली म्हणून लगेच खाद्य वाढवायची घाई नको. सकाळचं पाणी आठवडाभर २२ च्या वर टिकलं की पाव-पाव किलोने वाढवा. आणि दवाने ओलसर झालेली, बुरशी धरलेली पेंड कितीही महाग पडलेली असो, तळ्यात घालू नका.