पंचनाम्यापासून मदतीपर्यंत: जिल्ह्यातील सरकारी कार्यालयांसाठी एंटरप्राइझ आर्किटेक्चर कसे उभारावे

सांगलीत कृष्णेला पूर येतो तेव्हा सर्वांचे लक्ष आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीकडे असते. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हेच आकडे महसूल, पोलीस, महापालिका आणि नदीकाठचे रहिवासी असे सर्वच मानतात आणि त्यावरून पुढची हालचाल ठरते. पाणी ओसरून पंचनामे सुरू झाले की मात्र ही एकवाक्यता राहत नाही. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक एकाच बांधावर उभे राहून नुकसान लिहितात. पण तोच शेतकरी महसूल दप्तरात ८अच्या खाते क्रमांकाने, ग्रामपंचायतीत घराच्या मिळकत क्रमांकाने आणि कृषी विभागात योजनेच्या अर्ज क्रमांकाने ओळखला जातो. सातबारावर त्याचे पूर्ण नाव असते, तर पासबुकावर केवळ आद्याक्षरे. या नोंदींचा मेळ हाताने घातला जाईपर्यंत मदतीची रक्कम अडकून राहते.

एंटरप्राइझ आर्किटेक्चर म्हणजे कार्यालयाचे कामकाज, त्या कामाला लागणारी माहिती, ती हाताळणारी सॉफ्टवेअर आणि त्यांच्याखालची यंत्रसामग्री या चारही थरांचा एकत्रित लेखी आराखडा. अमेरिकेत १९९६ च्या क्लिंगर-कोहेन कायद्याने संघीय विभागांच्या मुख्य माहिती अधिकाऱ्यांवर असा आराखडा तयार करून तो अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी टाकली. आपल्याकडे केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०१८ मध्ये ‘इंडईए’ (इंडिया एंटरप्राइझ आर्किटेक्चर) ही चौकट आणली. ही चौकट मोठी आहे आणि माझ्या मते जिल्हा पातळीवर ती संपूर्ण राबवायला घेऊ नये. आधी एकच सेवा निवडावी आणि ती तडीस न्यावी.

सेवा निवडण्यासाठी नवी पाहणी करावी लागत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवांची यादी, प्रत्येक सेवेची कालमर्यादा, पदनिर्देशित अधिकारी आणि अपील प्राधिकारी आधीच ठरलेले असतात. ज्या सेवेत एकाहून अधिक विभागांचा हात लागतो आणि कालमर्यादा वारंवार ओलांडली जाते, ती प्रथम घ्यावी.

त्यानंतर निकाली निघालेली दहा-वीस प्रकरणे काढून त्यांचा प्रवास कागदावर मांडावा. कोणत्या टेबलावर कागद केव्हा आला, तिथे कोणी काय लिहिले, कोणत्या नोंदवहीत कोणता क्रमांक पडला आणि तो पुढे केव्हा गेला, हे आवक-जावकच्या शिक्क्यांवरून कळते. एका कार्यालयात मी असे शिक्के तारीखवार लावून पाहिले, तेव्हा अर्ज सर्वाधिक काळ एकाच खोलीतल्या दोन टेबलांमध्ये पडून असल्याचे दिसले, कारण तिथली जावक नोंद आठवड्यातून एकदाच होत असे. त्या कार्यालयाने तोवर नव्या सॉफ्टवेअरची मागणी तयार ठेवली होती. ते आले असते तरी ती आठवड्याची खोटी तशीच राहिली असती. म्हणून हा तक्ता करताना लिपिक आणि अव्वल कारकून यांना शेजारी बसवावे. कागद कुठे अडतो हे त्यांना ठाऊक असते, आणि त्यांना ते कोणी आस्थेने विचारलेले नसते.

सगळ्यांत जास्त वेळ माहितीच्या थराला द्यावा. प्रत्येक नोंदीचा मूळ धनी कोण, हे लेखी ठरवावे: जमिनीचा हक्क महसूल विभागाकडे, उभ्या पिकाची नोंद ई-पीक पाहणीत, शहरातील मिळकत महापालिकेकडे. इतर कार्यालयांनी त्या माहितीची स्वतंत्र प्रत सांभाळू नये. गरज पडेल तेव्हा धन्याकडून ती घ्यावी, आणि तीही कामापुरतीच. अमुक व्यक्ती या गटाची खातेदार आहे की नाही एवढाच प्रश्न असेल, तर उत्तरही ‘आहे’ किंवा ‘नाही’ इतकेच मिळावे. गावासाठी केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतला संकेतांक सर्वांनी वापरावा. नावावरून जुळवणी करू नये. आपल्याकडे एका गावात एकाच नावाचे तीन खातेदार सहज सापडतात.

सॉफ्टवेअरचा विचार आता करावा. चालू असलेल्या प्रत्येक प्रणालीपुढे ‘ठेवावी’, ‘जोडावी’ किंवा ‘बंद करावी’ असा शेरा कारणासह लिहावा. नव्या करारात माहितीची मालकी कार्यालयाची राहील आणि करार संपताना ती वापरण्याजोग्या स्वरूपात परत मिळेल, ही अट असावी.

आराखडा जिवंत राहण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा परिषद, महापालिका, कृषी विभाग आणि एनआयसीच्या (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या) जिल्हा सूचना विज्ञान अधिकाऱ्यांची छोटी समिती असावी. आराखड्याशी ताडून पाहिल्याशिवाय कोणतीही नवी खरेदी मंजूर होऊ नये, एवढा अधिकार तिला द्यावा. अधिकाऱ्यांच्या बदल्या होत राहतात, म्हणून प्रत्येक निर्णयामागचे कारण इतिवृत्तात नोंदवावे.

शेवटी मे महिन्यात भिलवडीसारख्या नदीकाठच्या एका गावात पंचनाम्याची रंगीत तालीम घ्यावी. सातबारा, पीक नोंद आणि बँक खाते ज्यांचे जुळत नाही, त्या खातेदारांची यादी चावडीवर न लावता त्यांना व्यक्तिशः बोलावून दुरुस्ती करून घ्यावी. जुलैत पाणी चढू लागल्यावर या कामाला कोणाकडेच वेळ नसतो.