जाड रंग लावा, पण मोजक्याच जागी

तैलरंगाचा जाड थर डोळ्यांना खेचतो, कारण त्याच्या उंचवट्यांवर खराखुरा उजेड आणि खरीखुरी सावली पडते. पण सगळाच कॅनव्हास सारखा जाड केला की गंमत जाते. सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट उजेडाच्या जागी रंग थापायचा आणि सावल्या पातळ ठेवायचा. ही युक्ती बिनदिक्कत उचला.

रंग ट्यूबमधून निघेल तसाच वापरा, त्यात जवसाचं तेल वाढवू नका. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो. तेल जास्त झालं की वर साय धरते, आत रंग ओलाच राहतो आणि पुढे सुरकुत्या पडतात. रंग फारच तेलकट वाटला तर थोडा वेळ टिपकागदावर काढून ठेवा, जादा तेल शोषलं जातं.

पॅलेट नाइफने (रंग लावायच्या लवचीक, बोथट सुरीने) रंग एकदा ठेवला की हात काढून घ्या. पुन्हा चोळलात तर मळलाच म्हणून समजा. (हा मोह मला अजूनही आवरत नाही.) आणि वॉर्निशची घाई नको. जाड थर आतपर्यंत वाळायला ६ ते १२ महिने, कधी त्याहूनही जास्त लागतात.