बी-फ्लाय ओळखायची तर आधी पंख वाचा

बी-फ्लाय म्हणजे मधमाशीसारखी दिसणारी केसाळ माशी. तिच्या अंगावरच्या लोकरीला भुलू नका. ती लोकर सहज झडते, उन्हानं विटते, आणि एकाच जातीच्या दोन माशांत तिची छटा वेगळी निघू शकते. पंखातल्या शिरा मात्र जागच्या हलत नाहीत. साताऱ्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी सहायक आहे. “ताई, दुर्मिळ माशी!” म्हणत मुलं काड्यापेटी पुढे करतात. उघडावी तर आत टक्कल पडलेली माशी आणि तळाशी पिवळा भुगा. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

शोधायला लांब जायला नको. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरची उघडी माती, यवतेश्वर घाटातल्या कापलेल्या दरडी, पेठांमधल्या जुन्या वाड्यांच्या मातीच्या भिंती. जिथे एकट्यानं राहणाऱ्या मधमाश्यांची आणि कुंभारमाश्यांची भोकं, तिथे ही. कारण तिच्या बऱ्याच जातींच्या अळ्या त्यांच्याच पिलांवर वाढतात. काही जाती नाकतोड्यांची अंडी खातात. पाऊस ओसरल्यावर, ऊन चढलं की भोकासमोर हवेत तरंगणारी आणि पोटाचं टोक झटकणारी माशी दिसली तर ती मादी आहे, अंडी फेकते आहे. बऱ्याच जातींच्या माद्यांना पोटाच्या टोकाशी एक कप्पा असतो. त्यात त्या बारीक वाळू भरून घेतात आणि अंड्याला तिचा लेप देऊन मग उडवतात. अंड्यातून निघालेली पहिली अळी सडपातळ, हिंडती; यजमान, म्हणजे जिच्यावर वाढायचं ते पिल्लू, सापडला की पुढच्या अवस्थेत ती गोळामटोळ आणि सुस्त होते. जाळी उचलण्याआधी हे जरा वेळ बघाच.

कास पठारावर मात्र फक्त कॅमेरा. वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय तिथला किडा उचलायचा नाही.

आता मुळात ही बी-फ्लायच आहे ना, ते बघा. पंख दोन, त्यांच्या मागे गदेच्या आकाराचे दोन छोटे संतोलक, शृंगिका (डोक्यावरचे स्पर्शक) आखूड: म्हणजे मधमाशी नाही, माशीच. डोळ्यांच्या मधोमध डोक्यावर खोलगट खाच आणि तोंडावर राठ मिशी असेल तर ती शिकारी रॉबर फ्लाय. पंखाच्या मध्यातून कुठेच न जोडलेली एक खोटी शीर जात असेल तर हॉवर फ्लाय. बसल्यावर पंख अर्धवट पसरलेले आणि मागे कललेले राहत असतील तर बहुधा बी-फ्लायच. सोंडेवर विसंबू नका. बॉम्बिलियस या गटातल्या माशीची सोंड लांब आणि कायम पुढे रोखलेली असते, पण अँथ्रॅक्स गटातल्या माशीची इतकी आखूड की वरून दिसतही नाही, आणि तरी दोघी बॉम्बिलिइडी या एकाच कुळातल्या.

पकडलीत तर एका नळीत एकच माशी. माशी मारायला इथिल ॲसिटेटचे थेंब टाकलेल्या बाटलीत टिपकागद घाला, अंग ओलं होता कामा नये. अल्कोहोलमध्ये बुडवू नका. केस आणि खवले चिकटून सगळी माशी लगदा दिसते. टाचणी छातीत, मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे, म्हणजे डावी बाजू तरी अखंड राहते. नमुने खाणारे किडे पेटीचा फडशा पाडतात, तेव्हा पेटी घट्ट बंद आणि आत नॅप्थलीन.

भिंगाखाली आधी डोकं मागून बघा. मागची बाजू खोल पोखरलेली आणि डोळ्याच्या मागच्या कडेला खाच असेल तर उपकुळ बहुधा अँथ्रॅसिनी. बॉम्बिलियसच्या डोळ्याला अशी खाच नसते. डोळे माथ्यावर एकमेकांना टेकले असतील तर बहुधा नर, पण सगळ्याच जातींत नर तसा नसतो.

मग पंख, आणि इथे घाई नको. पांढऱ्या कागदावर पंख सपाट धरून खालून उजेड द्या. टोकाकडे एक शीर दुभंगून तिचे दोन फाटे होतात. त्या फाट्यांच्या आतला कप्पा आणि लगेच वरचा कप्पा, हे झाले दोन. अँथ्रॅसिनीतल्या अँथ्रॅक्स आणि व्हिला या गटांत एवढेच असतात. जादा आडवी शीर येऊन तीन झाले तर एक्झोप्रोसोपा, चार झाले तर लिगायरा. पंखावरची काळी-तपकिरी नक्षी यानंतर बघायची. सुरुवात तिच्यापासून केलीत की हमखास फसता. अँथ्रॅक्स की व्हिला हे शृंगिका सांगते: टोकाला केसांचा झुबका असेल तर अँथ्रॅक्स. जुन्या पुस्तकांतून ताडून बघणार असाल तर जपून. तिथे आजच्या अँथ्रॅक्सला आर्गिरामीबा म्हटलेलं सापडेल आणि व्हिलाच्या जाती अँथ्रॅक्स नावाखाली.

बारीक कमरेच्या गांधीलमाशीसारखी दिसणारी सिस्ट्रोपसही याच कुळातली. तिला पकडलंत तर पंख दोन की चार ते आधी मोजा, बाकी सगळं नंतर.

प्रजातीपर्यंत म्हणजे जीनसपर्यंत घरी पोचता येतं. जातीसाठी बहुतेक वेळा नराचं जननांग लागतं. पोटाचं टोक कापून दहा टक्के कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात मऊ करायचं, पाण्यानं धुऊन ग्लिसरीनमध्ये तपासायचं आणि इवल्याशा कुपीत घालून त्याच टाचणीला अडकवायचं. पोटॅश कातडी जाळतो. हातमोजे घाला, आणि हे काम स्वयंपाकघरात नको. हे होत नाही तोवर “दुर्मिळ” हा शब्द वापरू नये असं माझं मत. आपल्याकडे या माशांकडे बघणारेच थोडे, त्यामुळे न दिसलेली आणि दुर्मिळ यांत फरक करणं अवघड. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. नमुना तिथे दाखवायचा असेल तर आधी पत्र पाठवून विचारा.

टाचणीला लावायच्या चिठ्ठीवर नुसतं “सातारा” लिहिलेलं चालत नाही. गावाच्या नावासोबत नेमकी जागा, उंची, तारीख, पकडणाऱ्याचं नाव, आणि माशी कोणत्या भोकासमोर किंवा कोणत्या फुलावर होती तेही. पेन्सिलीनं किंवा न पसरणाऱ्या शाईनं, त्याच दिवशी.