उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसांना "पाणी पितेस ना?" विचारू नका

ग्वाल्हेरला लू (उन्हाळ्यातले गरम वारे) सुरू झाली की आम्ही तिथल्या लष्कर भागात राहणाऱ्या आत्याला रोज फोन करायचो, पाणी पितेस ना, आणि ती हो हो म्हणायची, दुसरं काय म्हणणार. म्हातारपणी तहान लागलेली नीट कळतच नाही, घामही कमी येतो, त्यात बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असली तर अजूनच पंचाईत (गोळी मनाने बंद करू नका हां, डॉक्टरला विचारा, हार्ट किंवा किडनीचा त्रास असेल तर पाणी किती तेही).

आता सकाळीच दोन बाटल्या भरून तिच्या खाटेजवळ ठेवतो आणि संध्याकाळी एवढंच विचारतो, "आत्या, दुसरी बाटली किती उरलीय?" लगेच खरं कळतं.

कूलर लावताना समोरचं दार थोडं उघडं ठेवा, बंद खोलीत तो नुसती चिकचिक करतो. आणि ४० डिग्रीच्या वर नुसता पंखा गरम हवाच अंगावर मारतो, अंगावर ओला पंचा हवाच. जुन्या घरांची दगडी पट्ट्यांची छतं रात्रीसुद्धा तापलेली असतात, त्यामुळे झोपायची सोय खालच्या मजल्यावर करा, कितीही कुरकुर केली तरी.

माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर थकवा समजून झोपवू नका, १०८ लावा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत पंख्याखाली ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी बिलकुल घालायचं नाही.